अर्धी वीत, सहा तास

दादा, तुला जाऊन आज पाचवा दिवस. एवढ्यात सगळं गाव तुझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलं आहे. सर किती शांत होते, सर कधी कुणाला टाकून बोलले नाहीत, सरांनी किती पोरं घडवली. मी मान हलवतो. मरणाचा हा एक मोठाच फायदा आहे, माणूस चार खांद्यांवर चढला की त्याचा तिरसटपणा खालीच राहतो. पण मी तुझा सख्खा भाऊ, आणि मला गोड बोलायला तू कधी शिकवलं नाहीस. तेव्हा परवाच्या विधीत वाचायला म्हणून हे जे लिहितो आहे, त्यात तुला सूट मिळणार नाही. मलाही नाही.

तुला गाव दोरावाले सर म्हणायचं. घाटंजीच्या शाळेत तू भूगोल शिकवायचास, आणि सदऱ्याच्या खिशात खडूच्या तुकड्याबरोबर कापसाच्या दोऱ्याची एक गुंडी कायम असायची. कुणी दोन शहरांची नावं घेतली की तू शाळेच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणायचास, पट्टीवर मोजायचास आणि अंतर सांगायचास. मग त्याला विमानाच्या वेगानं भागून तास सांगायचास. मुंबई ते लंडन, नऊ. मुंबई ते दारेसलाम, सहा. स्वतः एसटीच्या पलीकडे कशात बसला नव्हतास, पण जगातल्या कुठल्याही विमानाला कुठं जायला किती वेळ लागतो हे तुला ठाऊक होतं. नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्या मास्तरांना तू अडाणी समजायचास. पृथ्वी गोल आहे, तर दोरा गोलावरच ताणला पाहिजे, हे तू इतक्या वेळा सांगितलंस की मला अजूनही पट्टी पाहिली की तुझा आवाज ऐकू येतो.

आणि मग ते दिवस आले. कापसाला विचारेना कुणी, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग एकापाठोपाठ एक बंद पडायला लागल्या. यवतमाळच्या ज्या जिनिंगमध्ये मी फिटर होतो तिथल्या यंत्रांवर चिमण्यांनी घरटी केली. त्याच सुमारास आफ्रिकेत कापूस पिकतो, तिथल्या जिनिंगला आपल्याकडचे फिटर हवे आहेत, अशी बातमी आली. घाटंजीच्या बाजारात लोक भाजी घेता घेता टांझानियाचं बोलायला लागले. ज्याला जायचं तो आधी तुझ्याकडे यायचा. पासपोर्टाचं विचारायला नाही, पगाराचं विचारायला नाही. एकच प्रश्न.

"सर, किती वेय लागते?"

तू दोरा काढायचास. सहा तास, म्हणायचास, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती उतरायची. पावसाळ्यात फुलसावंगीहून नागपूर गाठायला याहून जास्त वेळ लागतो, हे तुझं ठरलेलं पुढचं वाक्य.

मला जायचं नव्हतं, दादा. हे तुला माहीत होतं. माय थकली होती, माझी पंचविशी उलटायची होती आणि मला परक्या मुलखाची भीती वाटत होती. तू मायला रिक्षात बसवून शाळेत नेलंस. रविवार होता, शाळा रिकामी होती. पृथ्वीगोलावर मुंबईपासून दारेसलामपर्यंत दोरा ताणलास आणि तिचा हात धरून त्यावर ठेवलास. मायचा अंगठा मुंबईवर टेकला आणि वीत पुरी उघडायच्या आतच तर्जनी आफ्रिकेच्या काठाला लागली. अर्धी वीत. ती हसली, खरंच हसली.

"एवढुसंच हाय? मंग भीमजयंतीले येत जाजो, बाबू."

तू तेवढा दोरा कापून तिला दिलास. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला. मी गेल्यावर बायकांना ती पदर सोडून दाखवायची, माहा मिलिंद इतक्या लांब हाय म्हणून. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या दिवशी तू मला जिंकलं नाहीस, तू मायला फितवलंस. मग माझ्या नाही म्हणण्याला काही अर्थ उरला नाही.

उपकारही सांगतो, तेही तुझेच आहेत. मला सोडायला तू मुंबईला आलास. विमानतळाच्या काचेच्या दारातून मी आत गेलो आणि तू बाहेर राहिलास. मला वाटलं, लगेच गाडी पकडून परत गेला असशील. पुढं कितीतरी वर्षांनी वहिनी बोलता बोलता बोलून गेली. विमान सुटायची वेळ घड्याळात पाहून तू बाहेर रस्त्याच्या कडेला बसलास, आणि सहा तास बसून राहिलास. पोलिसानं दोनदा हटकलं. सहा तास पुरे झाल्यावर, उतरला असेल आता, असं स्वतःशीच म्हणून तू उठलास आणि मग चहा प्यायलास. वहिनी हे सांगताना हसत होती. मी उठून बाहेर गेलो होतो, ते तुला माहीत नाही.

तिकडून मी पत्रं लिहायचो. ती वाचून झाली की तू लाल शाईनं तपासायचास आणि पुढच्या पत्राबरोबर परत पाठवायचास. जूनमध्ये इथं थंडी पडते, असं मी लिहिलं होतं, तर समासात तुझी खूण आणि शेजारी 'बरोबर, दक्षिण गोलार्ध'. शिन्यांगाजवळच्या त्या जिनिंगमध्ये, पत्र्याच्या खोलीत, मला जगात कुणी बरोबर म्हणत होतं तर ते तूच. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. पण ती वाचत बसलो तरी माझ्या आतली आग विझत नाही, म्हणून आता पुढचं.

माय गेली तेव्हा जानेवारी होता, शेतातला कापूस वेचणीला आलेला. तू घाटंजीच्या बूथवरून जिनिंगच्या कचेरीत फोन लावलास. तुझ्याकडे नऊ वाजले होते, माझ्याकडे साडेसहा. मी एवढंच बोललो, "दादा, निघतो मी. थांबवजो मायले." आणि लाइन तुटली. आपण दोघं मिळून जेमतेम मिनिटभर बोललो असू.

मग तू ओट्यावर जमलेल्या लोकांना हिशेब सांगितलास. दारेसलाम ते मुंबई सहा तास, रात्री मुंबई, रात्रीच्या गाडीनं सकाळी धामणगाव, तिथून एसटीनं यवतमाळ, उद्या बारा वाजता मिलिंद गावात. आणि वर म्हणालास की तिकडं अजून साडेसहाच वाजलेत, म्हणजे त्याच्या हातात अडीच तास जास्तीचे आहेत. भूगोलाच्या मास्तरानं, दादा! पूर्वेकडं येताना ते अडीच तास जातात, मिळत नाहीत. सातवीतल्या पोरानं हे लिहिलं असतं तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस. पण त्या दिवशी तुझी आई ओसरीत निजली होती, म्हणून ही चूक मी तुला केव्हाच माफ केली आहे. खरी चूक दोऱ्याची होती. मी दारेसलामला नव्हतोच. मी तिथून दीड दिवसावर होतो, आधी ट्रक, मग रेल्वे. आणि विमान रोज उडत नव्हतं. तुझ्या दोऱ्याला विमान रोज नसतं हे माहीत नव्हतं आणि माझ्या पत्रांत हे सगळं लिहिलेलं होतं. तू ती तपासलीस, वाचली नाहीस.

यवतमाळहून बर्फाच्या लाद्या आणल्या. लाकडाच्या भुशात रचून मायला रात्रभर ठेवलं. वेचणीचा दिवस बुडवून माणसं बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बारा वाजले, मी नाही. एक वाजला, मी नाही. लोक तुझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दोरावाल्या सरांच्या तोंडाकडं तसं बघत होतं. आणि तू उभा राहून म्हणालास, "येत नाई तो. चला."

मी पाचव्या दिवशी दुपारी पोचलो. चालत गावात शिरलो तर विहारापाशी बसलेल्या माणसांनी बोलणं थांबवलं. मी सरळ मावशीकडं गेलो, मायच्या धाकट्या बहिणीकडं, कारण रडायला दुसरं घर नव्हतं. मावशीनं दारातून मला पाहिलं आणि पाणी दिलं नाही. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आपल्या गावात शत्रूसुद्धा पाणी देतो. तिनं पाठ फिरवली आणि चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आता कायले आला? तवा तं येत नव्हता म्हने तू."

तिच्या तोंडून मला कळलं की गावाच्या लेखी मला उशीर झाला नव्हता, मी यायला नाही म्हणालो होतो.

तुला मी त्याच संध्याकाळी विचारलं. आठवतं? तू सायकलची चेन बसवत होतास, हात काळे झाले होते. काहून सांगतलं असं, एवढंच मी म्हणालो. तू वर बघितलं नाहीस.

"म्या सांगतलेल्या वेयेत तू आला नाई. मंग येत नाई, असंच झालं नं?"

मायला जाळलं याबद्दल मी कधी बोललो नाही, पाच दिवस कुणी ठेवू शकत नाही. माझं म्हणणं एका वाक्याचं होतं. माझा अंदाज चुकला, असं तू म्हणू शकला असतास. त्यात पाच शब्दही लागत नाहीत. पण तुझा दोरा चुकण्यापेक्षा तुझा भाऊ नालायक निघालेला तुला परवडला. पुढं दोन वर्षांनी मी कायमचा परत आलो, तुझ्या शेजारी घर बांधलं, तुझ्याच ताटात जेवलो. आठ वर्षांत सगळ्या विषयांवर आपण भांडलो. कापसाच्या वाणावर भांडलो, विहाराच्या रंगावर भांडलो, अंगणातल्या निंबावरून तर महिनाभर अबोला धरला. या एका वाक्यापाशी आलं की तुला चष्मा सापडत नसे. आणि गावासाठी मी शेवटपर्यंत आईला न आलेला मुलगाच राहिलो. लग्नात मला पंगतीत जागा मिळायची, पण मायची आठवण निघाली की बायका माझ्याकडं न बघता बोलायच्या.

मधल्या काळात आपल्या जिल्ह्यात दिल्ली-मुंबईची माणसं यायला लागली, कॅमेरे घेऊन. कापूस आणि मरण बघायला. गाडीतून उतरलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न विमानतळ किती लांब, संध्याकाळचं विमान मिळेल का. तू दिल्ली ते नागपूर दीड तास आणि नागपूर ते आपलं गाव चार तास असं सांगायचास आणि ते चुकचुकायचे, तुमच्याकडं पोचणं किती अवघड आहे म्हणून. एकदा तू एकाला थंडपणे म्हणालास की साहेब, निघणं त्याहून अवघड आहे. मी तुझ्या मागंच उभा होतो. माझ्या मनात आलं, हा माणूस इतकं खरं बोलू शकतो, मग माझ्याबद्दल का नाही.

आता परवाचं. म्हणजे पाच दिवसांपूर्वीचं, मला सगळं परवाच वाटतं आहे.

तू पहाटे खाटेवर झोपेतच गेलास. वहिनी आधीच गेलेली, घरात तू एकटा. तुझी एकुलती एक पोरगी प्रज्ञा लंडनच्या दवाखान्यात नर्स. मी सहा वाजता तिला फोन लावला. ती परिचारिकेसारखं नीट, एकेक करून बोलली. सकाळच्या विमानात जागा मिळते आहे. रात्री मुंबईत. पहाटेच्या विमानानं नागपूर. तिथून गाडी. उद्या दुपारी बारापर्यंत घरी. मग आवाज फुटला तिचा.

"काका, थांबवजा बाबाले. मी येऊन राह्यले."

तिचा हिशेब बरोबर होता, दादा. नऊ तास तिनं धरले होते, त्याच्या आधीचे आणि नंतरचेही धरले होते. वेळेचा फरकसुद्धा जायच्या बाजूनंच धरला होता. तुझीच पोरगी, पण दोरा तुझ्यापेक्षा चांगला ताणते.

ओट्यावर माणसं जमली. मे महिना, आठ वाजताच ऊन अंगावर यायला लागलं होतं. शेजारचा एक जण म्हणाला, मोटारसायकल काढतो, तासाभरात यवतमाळहून बर्फ आणतो, पोरगी येत असंल तं थांबू. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मावशीही होती, ऐंशीची झाली आहे, भिंतीला टेकून बसली होती.

मी म्हणालो, "बर्फ नको. येत नाई ती."

कसं तोंडातून गेलं, असं लिहिणार होतो. खोडलं. चांगलं ठरवून गेलं. ऊन होतं हे खरं, लोकांची मजुरी बुडत होती हेही खरं, पण एका दिवसानं कुणी मेलं नसतं. बर्फ मिळत होता. माणूस आणायला तयार होता. मायसाठी थांबलेलं गाव तुझ्यासाठीही थांबलं असतं. मला फक्त तुझं वाक्य एकदा माझ्या तोंडात कसं लागतं ते पाहायचं होतं. तुझ्याकडून वसूल करायला तू उरला नव्हतास, म्हणून तिच्याकडून केलं. आणि सांगतो, म्हणताच सगळे उठले. कुणी का म्हणून विचारलं नाही. बांबू आले, पांढरं कापड आलं, त्रिशरण झालं. अकराच्या आत तू धुरात होतास आणि तुझी पोरगी तेव्हा विमानतळाच्या वाटेवर होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजायला दहा मिनिटं असताना तिची गाडी आली. तिनं सांगितलेल्या वेळेच्याही आधी. ती धावत ओसरीत शिरली आणि रिकामी खाट पाहून तिथंच उभी राहिली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मावशी उठली नाही. पाणी दिलं नाही.

मी दिलं. तांब्या भरून माझ्या हातानं. तिनं घटाघट प्यायलं आणि विचारलं, काका, थांबवा म्हनलं होतं नं मी? मी म्हणालो, ऊन होतं पोरी. ओल्या तोंडानंच ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली की तुम्ही होते म्हणून, नाहीतर बाबांचं कोणी केलं असतं. माझा हात तिच्या पाठीवर होता. तो मी काढूनही घेतला नाही.

काल ती विहिरीवरून रडत आली. कुणीतरी तिला म्हणालं, बापाले जाळतानाही येत नव्हती म्हने तू. ती दिवसभर एकच विचारत होती, मी येत नाही असं कोणी सांगितलं? मी ओसरीत बसून परवासाठी खुर्च्या किती लागतील ते मोजत होतो. तू सायकलची चेन बसवत होतास ना त्या दिवशी, अगदी तसंच. गप्प राहायला फार काही लागत नाही रे. हाताला एक काम असलं की पुरतं. दहा वर्षं मी तुला दगड समजत होतो, आणि तो दगड किती सहज होता येतं हे मला एका दुपारीत कळलं.

परवा जलदान विधी आहे. प्रज्ञानंच मला म्हटलं की बाबांबद्दल तुम्ही बोला, तुमच्याएवढं त्यांना कोण ओळखतं. ती पहिल्या रांगेत बसेल, शेजारी मावशी. दोघींनाही ऐकायचं आहे, वेगवेगळ्या कारणांनी. आता वाचून पाहिलं तर तुझी चूक मी आधी लिहिली आहे आणि माझी नंतर. ते चुकून झालेलं नाही. तुझी आधी ऐकली की माझी लोकांना निम्मी वाटेल. आणि दहा वर्षांनी मायच्या गावात मी मोकळा होईन, तेही तुझ्या विधीत. हिशेब पक्का आहे. फक्त दुसऱ्या दिवशी ती लंडनला परत जाईल, आणि भर मांडवात चारशे माणसांसमोर तिला कळलेलं असेल की ज्याच्या खांद्यावर रडली त्यानंच तिचा बाप तिच्या आधी जाळला. तिला ते आधी, एकटीला, तोंडानं सांगायला हवं. कागदावरून नाही, परवा नाही.

बारा वाजत आले आहेत. ती आत भाकरी करते आहे, तव्याचा वास येतो आहे. आत्ताच हाक मारली, काका, जेवाले चाला. मी हो म्हणालो आणि हे वाक्य लिहायला बसलो. दारापासून चुलीपर्यंत दहा पावलं असतील.

सर, किती वेय लागते?